मेंदूतल्या गाठीवरचं भारतीय संशोधन कुठवर आलंय?

द्राक्षाच्या सालीत असणारं रेस्व्हेराट्रॉल आणि अगदी नगण्य प्रमाणात तांबं यांची गोळी दिल्यावर ग्लायोब्लास्टोमा या मेंदूच्या कॅन्सरच्या गाठीत चांगले बदल दिसले, अशी बातमी अलीकडे मुंबईहून आली. टाटा मेमोरियल सेंटरमधल्या डॉ. इंद्रनील मित्रा यांच्या गटाचं हे काम. बातमी खरी होती, पण फॉरवर्ड होता होता ‘मेंदूच्या कॅन्सरवर स्वस्त गोळी सापडली’ असं तिचं रूप झालं. ज्यांच्या घरात असा रुग्ण आहे, त्यांनी ती गोळी शोधायला सुरुवातही केली असेल.

मूळ अभ्यासात 20 रुग्ण होते. ऑपरेशनची वाट पाहणाऱ्या 10 जणांना सरासरी साडेअकरा दिवस गोळी दिली, उरलेल्या 10 जणांना दिली नाही. मग ऑपरेशनमध्ये निघालेल्या गाठीचे तुकडे तपासले. गोळी घेतलेल्यांच्या तुकड्यांत वाढत्या पेशींचं प्रमाण कमी होतं. रुग्ण त्यामुळे जास्त जगले का, हे या अभ्यासाने मोजलेलं नाही आणि एवढ्या लहान अभ्यासात ते मोजताही येत नाही. ही संशोधनाची पहिली पायरी आहे आणि तिला तेवढंच मोल द्यायला हवं.

भारतातलं ब्रेन ट्युमरचं चांगलं संशोधन मात्र बऱ्याचदा बातमीत येतच नाही. ते आहे निदान अचूक आणि परवडणारं करण्यात, आणि उपचाराची मात्रा नेमकी ठरवण्यात. ते कळायला आधी आजार थोडा समजून घ्यावा लागेल.

गाठ एक, आजार शंभरावर

‘ब्रेन ट्युमर’ हे एका आजाराचं नाव नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2021 च्या वर्गीकरणात मेंदू आणि मज्जारज्जूच्या गाठींचे शंभराहून जास्त प्रकार आहेत. मेंदूच्या आवरणातून वाढणारा मेनिंजिओमा बहुतेक वेळा कॅन्सर नसतो आणि पूर्ण निघाला तर रुग्ण बरा होतो. मेंदूच्या आधारपेशींपासून होणाऱ्या गाठींना ग्लायोमा म्हणतात. त्यांना 1 ते 4 अशी ग्रेड देतात आणि ग्लायोब्लास्टोमा ही ग्रेड 4 ची सगळ्यात आक्रमक गाठ. मुलांमध्ये लहान मेंदूत होणारी मेड्युलोब्लास्टोमा ही वेगळीच जात आहे.

ग्लायोमा ‘पूर्ण काढला’ असं सर्जनने सांगितलं तरी तो परत का येतो, हा नातेवाइकांचा नेहमीचा प्रश्न. शेतात हरळी माजली की वरचं गवत खुरपून शेत स्वच्छ दिसतं, पण मातीत राहिलेल्या मुळीच्या कांडीतून ती पुन्हा फुटते. ग्लायोमाच्या पेशी अशाच निरोगी दिसणाऱ्या भागात दूरवर शिरलेल्या असतात. शेतात माती खोल उकरता येते. मेंदूत दोन सेंटिमीटर जास्त गेलं तर बोलणं जातं किंवा हात लुळा पडतो.

दुसरी अडचण औषधांची. मेंदूतल्या रक्तवाहिन्यांच्या भिंती इतक्या घट्ट असतात की रक्तातली बहुतेक औषधं मेंदूत शिरतच नाहीत. त्यामुळे इतर कॅन्सरवर चालणारी अनेक औषधं इथे निकामी ठरतात.

वीस वर्षं जुनी पद्धत अजून का चालते?

ग्लायोब्लास्टोमाचा आजचा प्रमाण उपचार 2005 साली ठरला. युरोप आणि कॅनडातल्या 573 रुग्णांवर ती चाचणी झाली होती. नुसतं रेडिएशन, म्हणजे रुग्ण ज्याला ‘लाईट’ किंवा ‘शेक’ म्हणतात ते, घेतलेल्यांचं मध्यमान आयुष्य 12.1 महिने होतं. सोबत टेमोझोलोमाइड या किमोच्या औषधाची गोळी घेतलेल्यांचं 14.6 महिने. मध्यमान म्हणजे निम्मे रुग्ण त्याआधी गेले आणि निम्मे त्याच्या पुढे जगले. अडीच महिन्यांचा फरक लहान वाटतो. पण दोन वर्षांनंतर हयात असलेल्यांचं प्रमाण 10.4 टक्क्यांवरून 26.5 टक्क्यांवर गेलं, आणि ही गोष्ट लहान नाही.

पद्धत अशी: आठवड्यातून पाच दिवस, 30 वेळा मिळून 60 ग्रे रेडिएशन. ग्रे हे किरणांची मात्रा मोजायचं एकक. त्यासोबत टेमोझोलोमाइड रोज, शरीराच्या दर चौरस मीटर पृष्ठभागामागे 75 मिलिग्रॅम. साधारण बांध्याच्या माणसाचा पृष्ठभाग 1.6 चौरस मीटर धरला तर रोज 120 मिलिग्रॅम, म्हणजे 100 ची एक आणि 20 ची एक कॅप्सूल. ती रिकाम्या पोटी घ्यायची असते. इथे घरोघरी होणारी चूक म्हणजे शनिवार-रविवार मशीन बंद म्हणून गोळीही न घेणं. रेडिएशनच्या त्या सहा आठवड्यांत गोळीला सुट्टी नसते. दर आठवड्याला रक्ततपासणी करून पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट्स पाहाव्या लागतात, कारण त्या घसरल्या तर गोळी थांबवावी लागते. नंतर महिनाभराची विश्रांती, आणि मग दर 28 दिवसांतले 5 दिवस वाढीव मात्रेने अशा सहा फेऱ्या.

टेमोझोलोमाइडचा फायदा सगळ्यांना सारखा होत नाही, हेही 2005 मध्येच कळलं. पेशीत एमजीएमटी नावाचं दुरुस्तीचं जनुक असतं. औषधाने डीएनए बिघडवला की ते तो परत सांधतं. ज्यांच्या गाठीत हे जनुक बंद पडलेलं असतं त्यांचं मध्यमान आयुष्य रेडिएशन आणि गोळी मिळून 21.7 महिने होतं. ज्यांच्यात ते चालू होतं त्यांचं 12.7. म्हणूनच थकलेल्या, वयस्क रुग्णाला गोळी द्यावी की नुसतं कमी दिवसांचं रेडिएशन पुरे, हे ठरवताना एमजीएमटीची चाचणी फार कामाची आहे.

निदान बदललं, आता जनुकं विचारतात

2016 पर्यंत गाठीचं नाव सूक्ष्मदर्शकाखालच्या रूपावरून ठरायचं. 2016 आणि 2021 च्या वर्गीकरणांनी जनुकांतले बदल पाहणं आवश्यक केलं. यातला सगळ्यात महत्त्वाचा बदल आयडीएच जनुकातला, तो ग्लायोमात 2008 मध्ये सापडला. तो असेल तर गाठ हळू वाढते आणि रुग्ण अनेक वर्षं जगू शकतो. सारख्या दिसणाऱ्या दोन गाठींचं भवितव्य यावरून पार वेगळं निघतं.

विज्ञान पुढे गेलं, पण जिल्ह्याच्या गावच्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये जनुकांचं वाचन करणारं यंत्र कुठून येणार? इथे भारतीय डॉक्टरांनी केलेलं काम मला मोलाचं वाटतं. 2019 मध्ये इंडियन सोसायटी ऑफ न्यूरो-ऑन्कोलॉजीने प्रौढांच्या ग्लायोमासाठी टप्प्याटप्प्याची मार्गदर्शक पद्धत मांडली. त्यात बेंगळुरूच्या निम्हान्स या मेंदूविकारांच्या संस्थेतल्या डॉ. वाणी संतोष आणि टाटा मेमोरियलचे डॉ. तेजपाल गुप्ता यांच्यासारखे लोक होते. महागडी चाचणी सगळ्यांची करायची नाही, स्वस्त रंगचाचणीने (तुकड्यावर रंग चढवून ठरावीक प्रथिन दिसतं का ते पाहणं) जिथे उत्तर मिळतं तिथे थांबायचं, हे त्यामागचं सूत्र.

प्रत्यक्षात ते असं चालतं. आधी आयडीएचची रंगचाचणी. ग्लायोमात आढळणाऱ्या आयडीएच बदलांपैकी सुमारे 90 टक्के ती एकटी पकडते. ती पॉझिटिव्ह आली की एटीआरएक्स या प्रथिनाची रंगचाचणी. ते प्रथिन गायब असेल तर गाठ ॲस्ट्रोसायटोमा, पुढची चाचणी नको. ते शाबूत असेल तर मात्र फिश ही चाचणी करून पहिल्या आणि एकोणिसाव्या गुणसूत्रांचे तुकडे गळाले आहेत का ते पाहायचं. दोन्ही गळाले असतील तर ऑलिगोडेंड्रोग्लायोमा, ज्याला किमो चांगली लागू पडते. आयडीएचची पहिली चाचणी निगेटिव्ह आली, रुग्ण 55 च्या पुढचा आहे आणि गाठ ठळक ग्लायोब्लास्टोमासारखी दिसते, तर जनुकवाचन न करता तेच नाव देता येतं. तरुण रुग्णात मात्र जनुकवाचन टाळू नये, कारण उरलेले दहा टक्के तिथेच निसटतात.

या सगळ्याचा पाया म्हणजे गाठीचा तो इवलासा तुकडा, आणि घोळ बहुतेक वेळा तिथेच होतो. तुकडा निघाल्याबरोबर 10 टक्के बफर केलेल्या फॉर्मालिनमध्ये पडायला हवा. फॉर्मालिन तुकड्याच्या निदान दहापट हवं आणि तुकडा त्यात 6 ते 72 तास राहायला हवा. सलाईनमध्ये ठेवलेला, किंवा चिमूटभर फॉर्मालिनमध्ये लांबच्या प्रवासाला पाठवलेला तुकडा आतून कुजतो. फार दिवस फॉर्मालिनमध्ये राहिला तर डीएनए तुटतो. ऑपरेशनमध्ये रक्त थांबवताना भाजलेला किंवा चिमट्यात चिरडलेला भाग रंगचाचणीत खोटं उत्तर देतो. असा नमुना जगातल्या उत्तम लॅबला पाठवला तरी अहवालावर ‘नमुना अपुरा’ एवढंच येतं.

म्हणून घरच्यांसाठी एक व्यवहाराची गोष्ट. तुकडा मेणात बसवून जो ठोकळा करतात, त्याला ब्लॉक म्हणतात. मोठ्या रुग्णालयात जाताना नुसता अहवाल नेऊन भागत नाही, हा ब्लॉक आणि स्लाइड लॅबकडून मागून घ्याव्यात. सोबत ऑपरेशनआधीच्या एमआरआयची सीडी आणि ऑपरेशनची नोंद हवी. चाचणी सरकारी योजनेत बसते का हे आधीच विचारून ठेवावं.

मुलांना रेडिएशन किती द्यायचं?

भारतीय संशोधनाने जगाला दिलेलं सगळ्यात ठोस उत्तर या प्रश्नावरचं आहे. वाढत्या वयात मेंदूला किरण लागले की गाठ आटोक्यात येते, पण बुद्धी, उंची आणि हार्मोन्स यांवर पुढे परिणाम होतो. किरण गाठीच्या आकाराला बेतून दिले तर हे नुकसान टळतं, असा सगळ्यांचा समज होता. पण तो चाचणीने सिद्ध केलेला नव्हता.

टाटा मेमोरियलमध्ये डॉ. राकेश जलाली यांच्या गटाने 2001 ते 2012 या काळात 3 ते 25 वयाचे, सौम्य किंवा कमी ग्रेडच्या गाठी असलेले 200 रुग्ण घेतले. चिठ्ठी टाकावी तसे दोन गट पाडले. दोघांनाही 30 वेळा मिळून 54 ग्रे दिले, एका गटाला नेहमीच्या पद्धतीने, दुसऱ्याला गाठीला काटेकोर बेतून. पाच वर्षांत नव्याने हार्मोन बिघडण्याचं प्रमाण नेहमीच्या पद्धतीत 51 टक्के, तर बेतून दिलेल्यांत 31 टक्के निघालं. बुद्धिमापनाचे गुणही दुसऱ्या गटात चांगले टिकले आणि गाठ आटोक्यात राहण्यात फरक पडला नाही. 2017 मध्ये हा अभ्यास ‘जामा ऑन्कॉलॉजी’त आला. 200 रुग्ण मिळवायला अकरा वर्षं आणि मग पाच वर्षांचा पाठपुरावा. अशा संशोधनाची बातमी का होत नाही, हे यावरून कळेल.

दुसरा प्रयोग फसला, आणि तोही तितकाच महत्त्वाचा. मेड्युलोब्लास्टोमाच्या चार उपजाती आहेत. त्यातल्या डब्ल्यूएनटी या उपजातीची मुलं बहुतांश बरी होतात. उपजात ओळखायला परदेशात गोठवलेला ताजा तुकडा किंवा महाग चिप लागायची. खारघरच्या ॲक्ट्रेक या टाटाच्या संशोधन केंद्रात डॉ. नीलम शिरसाट यांच्या गटाने 2013 मध्ये साध्या फॉर्मालिनमधल्या तुकड्यावर चालणारी पद्धत दाखवली. ती मुख्यतः मायक्रोआरएनएवर उभी आहे. हे रेणू इतके आखूड असतात की जुन्या ब्लॉकमध्येही न तुटता टिकतात.

मग प्रश्न आला: ही मुलं इतकी बरी होतात, तर त्यांना पूर्ण डोकं आणि पाठीच्या कण्याला किरण द्यायचेच कशाला? नुसत्या गाठीच्या जागेला दिले तर? टाटामध्येच हे करून पाहिलं. काही मुलांत आजार मेंदूत इतरत्र आणि कण्यात परतला आणि प्रयोग लगेच थांबवला. त्यानंतरच्या प्रयोगात कण्याचे किरण पूर्ण वगळण्याऐवजी नेहमीच्या 23.4 ग्रेवरून 18 वर आणले आहेत. नकारार्थी निकाल छापला गेला, म्हणून जगात दुसरीकडे कुठे मुलांवर तोच धोका ओढवणार नाही.

प्रोटॉन किरण हा याच दिशेचा पुढचा टप्पा. ते ठरावीक खोलीवर थांबतात, त्यामुळे कण्याला किरण देताना पुढची छाती आणि पोट वाचतं. चेन्नईत 2019 पासून आणि खारघरला 2023 पासून ही सोय आहे. प्रत्येक गाठीला ती लागत नाही. मोठ्या माणसाच्या ग्लायोब्लास्टोमात प्रोटॉनने आयुष्य वाढतं असा पुरावा नाही, त्यासाठी घर गहाण टाकू नये.

ऑपरेशन टेबलावरची काटकसर

ऑपरेशन चालू असताना मेंदू सरकतो, त्यामुळे सकाळच्या एमआरआयवरचा नकाशा दुपारी चुकतो. श्रीमंत देशांत थिएटरातच एमआरआय मशीन बसवतात. टाटामध्ये डॉ. अलीअसगर मोइयादी यांनी थिएटरातल्या सोनोग्राफीवर अनेक वर्षं काम केलं आहे. कवटी उघडली की हाडाचा अडथळा जातो आणि सोनोग्राफीत गाठ छान दिसते, हवी तेवढ्यांदा पाहता येते. गाठ काढत आल्यावर कडेला रक्त आणि सूज साचून चित्र फसवं होतं, ते वाचायला सराव लागतो. मशीनचा खर्च मात्र थिएटरातल्या एमआरआयच्या तुलनेत फारच कमी.

जंताच्या औषधाने गाठ जाते का?

मेबेंडाझोल ही लहान मुलांना जंतासाठी देतात ती गोळी. अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्समध्ये उंदरांना जंतांसाठी तशाच जातीचं औषध दिलं, तर त्यांच्यात गाठी रुजेनात. 2011 मध्ये त्यांनी मेबेंडाझोलने गाठ असलेले उंदीर जास्त जगल्याचं छापलं. तेव्हापासून समाजमाध्यमांवर हा उपाय फिरतो आहे.

टाटामध्ये डॉ. विजय पाटील यांच्या गटाने तो खऱ्या रुग्णांवर तपासला. ग्लायोब्लास्टोमा परत आलेल्या 88 जणांना मेबेंडाझोल टेमोझोलोमाइडसोबत किंवा लोमस्टिन या किमोच्या औषधासोबत दिलं. नऊ महिन्यांनी 55 टक्के रुग्ण हयात असतील तर पुढे जायचं, असं आधीच ठरलं होतं. दोन्ही गट तिथवर पोचले नाहीत. 2022 मध्ये हा निकाल छापला. उंदरातलं यश माणसात का टिकत नाही याचं हे उदाहरण आहे, आणि कोणत्याही औषध कंपनीने ज्याला पैसे दिले नसते असा प्रश्न सार्वजनिक संस्थेने सोडवल्याचंही.

एवढे रुग्ण आहेत, मग संशोधन कमी का?

‘भारतात रुग्णांची कमी नाही, मग नवी औषधं इथे का निघत नाहीत?’ हा आक्षेप रास्त आहे. पैसा हे एक कारण आहेच. पण आपल्याला रुग्ण किती, हेही पुरतं माहीत नाही. मुंबईची कॅन्सर नोंदवही 1963 पासून आहे, राष्ट्रीय कार्यक्रम 1981 मध्ये सुरू झाला, आणि देशातली पहिली ग्रामीण नोंदवही 1987 मध्ये सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीत. तिथले कर्मचारी गावोगाव जाऊन लक्षणं असलेली माणसं शोधतात. तरीही देशातली थोडीच लोकसंख्या अशा नोंदवह्यांखाली येते. मेंदूची गाठ सीटी किंवा एमआरआयशिवाय दिसत नाही. फिट येऊन किंवा ‘पॅरालिसिस’ होऊन घरी गेलेला माणूस कुठेच नोंदला जात नाही. शिवाय आपल्या नोंदवह्या कॅन्सर मोजतात, त्यामुळे मेनिंजिओमासारख्या गाठी गणतीत नाहीत. अमेरिकेत 2004 पासून त्या मोजणं कायद्याने बंधनकारक आहे. आपल्याकडचा दर अमेरिकेच्या निम्म्याच्या आसपास किंवा कमी दिसतो, त्यात खरा फरक किती आणि न दिसलेल्या गाठी किती, हे वेगळं काढणं अवघड आहे.

दुसरी गळती पाठपुराव्यात. बीडचा किंवा गडचिरोलीचा रुग्ण दर तीन महिन्यांनी एमआरआयला मुंबईत येणं म्हणजे मजुरी बुडणं, राहण्याची सोय शोधणं. तो आला नाही की चाचणीतलं त्याचं उत्तर हरवतं. प्रयोगशाळेत भारत मागे नाही. बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या डॉ. कुमारवेल सोमसुंदरम यांच्या गटाने 2011 मध्ये दहा मायक्रोआरएनएंवरून ग्लायोब्लास्टोमाचा अंदाज बांधायची पद्धत मांडली. असा शोध रोजच्या तपासणीत उतरवायला हजारो रुग्णांचे जपलेले तुकडे आणि त्यांची वर्षानुवर्षांची माहिती लागते. माझ्या मते पैसा आधी तिथे घालायला हवा: तुकडे जपणाऱ्या बँका, प्रशिक्षित तंत्रज्ञ, आणि रुग्णाला प्रवासखर्च.

नवी औषधं, कार-टी आणि मोबाईल

आयडीएच बदल असलेल्या ग्रेड 2 ग्लायोमावर व्होरासिडेनिब हे औषध अमेरिकेत ऑगस्ट 2024 मध्ये मान्य झालं. 331 रुग्णांच्या चाचणीत गाठ पुन्हा वाढायला लागणारा काळ 11.1 महिन्यांवरून 27.7 वर गेला. ते ग्लायोब्लास्टोमाचं औषध नाही. आपल्याकडे त्याचा अर्थ हा, की आयडीएचची साधी रंगचाचणी न केलेल्या रुग्णाला ते लागू आहे की नाही हेच कळणार नाही.

कार-टी म्हणजे रुग्णाच्याच रोगप्रतिकारक पेशी बदलून कॅन्सरवर सोडणं. आयआयटी मुंबई आणि टाटाने मिळून केलेली कार-टी उपचारपद्धती 2023 मध्ये मान्य झाली, ती रक्ताच्या कॅन्सरसाठी. मेंदूच्या गाठींवर कार-टी जगभर अजून प्रयोगावस्थेतच आहे.

मोबाईलबद्दल: 2011 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने त्याच्या लहरी कॅन्सरला ‘कदाचित कारणीभूत’ या यादीत टाकल्या. जागतिक आरोग्य संघटनेने करवून घेतलेल्या 2024 च्या आढाव्यात 63 अभ्यास तपासले, मेंदूच्या कॅन्सरशी संबंध आढळला नाही.

चाचणीत भाग घ्यायचा असेल तर

भारतातली प्रत्येक क्लिनिकल ट्रायल सीटीआरआय या सरकारी नोंदणीत असावी लागते. तिथे गाठीचं नाव टाकून शोधता येतं. डॉक्टरांना विचारावं: ही कितव्या टप्प्याची चाचणी आहे? पहिल्या टप्प्यात मुख्यतः मात्रा आणि सुरक्षितता पाहतात, तिसऱ्यात प्रचलित उपचाराशी तुलना होते. मला नेहमीचा उपचार मिळणार ना? एमआरआय आणि प्रवासाचा खर्च कोणाचा? चाचणीमुळे इजा झाली तर 2019 च्या नियमांनुसार मोफत उपचार आणि भरपाईची तरतूद आहे, तिचा उल्लेख संमतीपत्रात असतो. रेडिएशननंतरच्या पहिल्या तीन महिन्यांत एमआरआय कधीकधी खोटं बिघडलेलं दिसतं. तो किरणांचा परिणाम असू शकतो. एवढ्या एका चित्रावर उपचार बदलायला किंवा चाचणीत नाव घालायला कोणी सांगत असेल, तर चार ते आठ आठवड्यांनी पुन्हा स्कॅन करायचा का, हे विचारावं.

संमतीपत्र तुम्हाला समजेल त्या भाषेत मिळायला हवं, मराठीत मागता येतं. सही करण्याआधी ते घरी नेऊन वाचा, सही केलेली प्रत स्वतःकडे ठेवा. चाचणी मध्येच सोडली तरी त्या रुग्णालयातला तुमचा नेहमीचा उपचार थांबवता येत नाही.